पुसलेल्या अकरा ओळी

परभणीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. मालक आणि आम्ही चौघं. शाळांच्या वेबसाइटसाठी जे सॉफ्टवेअर आम्ही विकायचो, ते आमचं नव्हतंच. सोनपेठच्या एका गणिताच्या बाईंनी ते लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलं होतं. फाइलीच्या सुरुवातीला अकरा ओळी होत्या. त्यांत बाईंचं नाव आणि परवाना. कुणीही वापरा, बदला, विका. फक्त नाव आणि परवाना राहू द्या, आणि ज्याला सॉफ्टवेअर द्याल त्याला सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाणही, याच अटींवर द्या.

त्या अकरा ओळी मी पुसल्या. मालकानं सांगितलं होतं, पण हात माझे. मग कोड कुणाला वाचता येणार नाही असा करून शाळांना दिला. मुख्याध्यापक बदलले तरी साइटवरचं नाव बदलायला शाळेला आम्हालाच फोन करावा लागे.

पेडगावच्या शाळेच्या साइटवर ‘हजेरी’ऐवजी ‘हाजेरी’ दिसायचं. ती बाईंच्या मूळ सॉफ्टवेअरमधलीच चूक होती. त्यावरून त्यांनी ओळखलं आणि एका शनिवारी दुपारी एसटीनं येऊन ऑफिसात उभ्या राहिल्या.

“मला काही नको. परवाना परत लावा, शाळांना कोड द्या. अट तेवढीच हाय.”

मालक हसला. “हे तुमी लिवलं, बाई? मग चार ओळी लिहून दाखवा की. आमाला बी शिकायचंय.”

बाई माझ्या खुर्चीवर बसल्या. मालक बोलत असतानाच मी कीबोर्डची सेटिंग बदलून ठेवली होती. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या एक बटण दाबायच्या, स्क्रीनवर भलतंच उमटायचं. त्या पुसून पुन्हा लिहायच्या, पुन्हा तेच. आमच्यातल्या एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

“मशीनमध्ये काहीतरी केलंय तुमी,” त्या म्हणाल्या.

“मशीन लय चांगलं हाय. जावा आता, बस सुटंल,” मालक म्हणाला.

मालक तेवढ्यावर थांबला नाही. बाई शाळेच्या वेळेत खाजगी धंदा करतात, अशी तक्रार त्यानं त्यांच्या संस्थेकडे केली. सोबत पुरावा म्हणून तो व्हिडिओ: बाई आमच्या ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर. संस्थेनं त्यांना सगळ्या शिक्षकांसमोर खुलासा द्यायला लावला. महिन्याभरात बाईंनी सॉफ्टवेअर इंटरनेटवरून काढून टाकलं. ज्या शाळा ते सरळ मार्गानं वापरत होत्या, त्यांना दुरुस्त्या मिळेनात; त्याही मग आमच्याकडे आल्या. ऑफिसात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

ती नोकरी सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी मी बाईंना फोन केला. कोण बोलतोय, काय काय केलं, सगळं सांगितलं.

“झालं सांगून?”

“हो.”

“मग आता मी काय करू?”

त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. मागून वर्गातल्या पोरींचा गलका ऐकू येत होता.

“वर्ग चालू हाय माझा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.