डॉक्टरची गाडी

आमचे दाजी कलिंगड कधी चीर पाडून बघत नसत. विकणाऱ्याने सुरी उचलली की ते त्याचा हात धरत, कलिंगड मांडीवर घेत, दोन टिचक्या मारून कान लावत आणि निकाल देत, "लाल हाय." घरी आणून कापल्यावर ते दुधी भोपळ्यासारखं पांढरं निघालं, तर दाजी एक फोड तोंडात टाकून डोळे मिटत. "या जातीचं असंच असतं. साखर आत मुरलेली असती." मग ती मुरलेली साखर शोधत आम्हा सगळ्यांना ते अख्खं कलिंगड संपवावं लागे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजींची बायको, प्रत्येकाच्या ताटलीत चिमूटभर मीठ ठेवून आत निघून जाई.

देवळाली प्रवरेला दाजींचा ऊस होता, पण त्यांचा खरा धंदा पारखीचा. कुणाला म्हैस घ्यायची असो, विहिरीवरची मोटार घ्यायची असो की मुलगी बघायला जायचं असो, दाजींना पुढे घातल्याशिवाय व्यवहार होत नसे. "आपल्याला आजवर कुनी फसवलं न्हाई," हे त्यांचं वाक्य पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होतं. त्यांना फसवून गेलेल्यांनीच ते पसरवलं असावं, असा माझा पहिल्यापासूनचा कयास आहे. कारण त्यांनी पारखलेल्या म्हशींपैकी मी स्वतः बघितलेली एक तीन सडांची निघाली आणि एक मोटार पाण्याऐवजी नुसता आवाज उपसायची.

पण 'फसलो' हा शब्द दाजींच्या तोंडून कधी ऐकला नाही. रस्ता चुकले तर ते "जरा लांबून आलो" म्हणत. अंगणात घसरून पडले तर "बसलो" म्हणत. या माणसाने एकदा, आयुष्यात एकदाच, माझ्यासमोर 'फसलो' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मेव्हण्याच्या नात्यात याहून मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, आता इच्छा पुरी होणार. दाजींना जुनी, चारचाकी, घरच्यांना पुरेल एवढी, मागे डिकी असलेली गाडी हवी होती आणि ती डिझेलचीच हवी होती. "घरात ट्रॅक्टर असताना पेट्रोलची गाडी म्हंजी एका घरात दोन चुली," असं त्यांचं अर्थशास्त्र होतं. मी भिंगारहून मुद्दाम जाऊन सांगितलं, दाजी, बरोबर एखादा मेस्त्री न्या. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "पाव्हणं, मेस्त्री नेला म्हंजी आपल्याला कळत न्हाई, हे समोरच्याला आधीच सांगितल्यावानी झालं." त्यांना कळत नव्हतं हे समोरच्याला न सांगताही कळलं असणार, पण ते असो.

समोरचा म्हणजे राहात्याचा एजंट. पांढरे बूट, हातात तीन मोबाईल आणि तोंडात एकच वाक्य, "काका, डॉक्टरची गाडी हाय. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." आमच्याकडे विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. तिने कधी खड्डा बघितलेला नसतो, तिच्यात कधी कुणी जोरात बोललेलंही नसतं. एवढे डॉक्टर खरंच असते तर या जिल्ह्यात आजारी पडायला माणूस उरला नसता. पण या गाडीला पुरावा होता. पुढच्या काचेवर लाल रंगाचं अधिकचं चिन्ह चिकटवलेलं होतं, नवंकोरं, गाडीतली एकमेव नवी वस्तू. दाजींनी बॉनेटला दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, "आवाज भरीव हाय."

मी मागच्या सीटवर बसून देवळालीपर्यंत आलो. मागे वळून बघितलं तर राहाता दिसेना, एवढा काळा धूर. दाजी म्हणाले, "मोकळी व्हतीय. डॉक्टरकडं बिचारीला पळायला कुठं मिळत हुतं!"

दुसऱ्या दिवसापासून गाडीचे विधी सुरू झाले. डिझेलच्या गाडीत किल्ली अर्धी फिरवली की समोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि तो विझल्यावर गाडी चालू करायची असते. दाजी त्याला जिलबी म्हणत. जिलबी पेटली की गाडीतल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. एकदा मी मधेच काहीतरी विचारलं तर त्यांनी हात वर केला. "जिलबी इझू द्या, मग बोला." पुढे पुढे हे वाक्य ते घरातही वापरू लागले. ताई चिडून काही बोलायला लागली की दाजी शांतपणे म्हणत, "जिलबी इझू दे तुजी." विझण्याऐवजी ती आणखी पेटायची, हे एका पारखी माणसाला इतकी वर्षं संसार करून कळलं नाही.

उन्हाळा आला आणि गाडीने आपलं पूर्वायुष्य सांगायला सुरुवात केली. काचा बंद करून उन्हात उभी केली की आतून आंबलेल्या दुधाचा भपकारा येई. पहिल्यांदा आला तेव्हा ताईने पदर नाकाला लावला आणि मी दाजींकडे बघितलं. त्यांनी नाक वर करून शांतपणे वास घेतला. "लहान पोरांचा डॉक्टर असंल," ते म्हणाले. मग डिकीतलं फाटकं मॅटिंग उचललं तर खाली पत्र्यावर किटल्यांच्या बुडाची गंजलेली गोल वर्तुळं, आणि कोपऱ्यात सरकी पेंडेचा चुरा. "गुरांचा डॉक्टर," दाजींनी लगेच निदान बदललं. मी म्हटलं, अहो, एका माणसाला किती डिग्र्या द्याल? त्यावर, "हुशार मानसं असत्यात," एवढंच.

शेवटी सीटखाली लांब दांड्याचं दुधाचं माप सापडलं. ॲल्युमिनियमचं, पोचे आलेलं, अर्धा लिटरचं. मी ते दाजींच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "पातळ औषदाचं माप हाय," म्हणाले आणि आत नेऊन ठेवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका संताप आला. माणूस आंधळा असेल तर त्याची दया येते, पण हा डोळे उघडे ठेवून, निवांत, मजेत आंधळा होता.

गावाने हे सगळं वाया जाऊ दिलं नाही. देवळालीच्या चौकात गाडी दिसली की पानटपरीवरून हाक येई, "डॉक्टर, आज कुठं व्हिजिट?" दाजी काच खाली करून हात हलवत. पुढे लोक खरंच 'डॉक्टर' म्हणायला लागले आणि त्यांचं नाव मागे पडलं. गाडी दर दोन महिन्यांनी राहुरीच्या गॅरेजात अॅडमिट असायची. क्लच प्लेट गेली, पंप गेला, मागचं दार उघडेना. आणि तरीही कुणाला ताप आला, कुणाच्या सुनेचे दिवस भरले, की पहिला निरोप दाजींकडे यायचा. खऱ्या डॉक्टरच्या गाडीने बघितले नसतील एवढे दवाखाने त्या गाडीने बघितले. वाटेत बंद पडली तर दाजी पेशंटलाच धीर देत, "जरा दम खाऊ द्या तिला."

राहात्याला एका लग्नात मात्र मी म्हटलं, आता सुटत नाहीत. मंगल कार्यालयात नवरीची आत्या चक्कर येऊन पडली आणि माईकवरून घोषणा झाली, "बाहेर लाल चिन्हाची गाडी उभी आहे, त्या गाडीचे डॉक्टर जिथं असतील तिथून स्टेजजवळ यावेत." मी दाजींचा सदरा धरला. तो सोडवून ते गेले. लोकांना लांब सारलं, पंखा फिरवायला लावला आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंय?" बाईला उपास होता. साखरपाणी पाजल्यावर ती उठून बसली. शे-पन्नास माणसं हात जोडत दाजींना गाडीपर्यंत सोडायला आली आणि मी मान खाली घालून त्या वरातीत चाललो.

गाडीजवळ एक काटकुळा माणूस उभा होता. डोक्याला टोपी, बोटांना गाडीच्या टपावरची धूळ. त्याने मागच्या दाराला ढोपराने खालून एक धक्का दिला आणि जे दार राहुरीच्या मेस्त्र्याला दोन दिवस उघडलं नव्हतं, ते टक्कन उघडलं. "माजी गाडी ही," तो हसून म्हणाला. "लई दूध घातलं हिच्यात. पहाटं चारला निघायचो. एक मापटं ऱ्हायलं हुतं बघा आत, घावलं का?"

सगळी वरात त्याच्याकडे वळली. मी दाजींच्या तोंडाकडे बघत होतो. इतक्या वर्षांत इतकं टक लावून मी माझ्या बायकोकडेही बघितलं नसेल. दाजींचा चेहरा एकदा उतरला, मी स्वतः बघितला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "या डॉक्टर! लई दिवसांनी गाठ पडली."

लोकांना वाटलं, हेही डॉक्टर. त्या दूधवाल्याला हाताला धरून आत नेलं आणि पहिल्या पंगतीला बसवलं. तो बिचारा वळून वळून आमच्याकडे बघत होता. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "दाजी, आता तरी म्हणा." ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "काय म्हनू? मानसाला मान दिला तर तुमचं काय गेलं?" हे उत्तर वाईट नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

पुढे दाजींना साखर झाली, डोळे अधू झाले. ताईने गाडी विकायचा धोशा लावला. त्यांनी निरोप धाडला तो त्याच एजंटकडे. दुसरीकडे जाणं म्हणजे पहिल्या वेळी चुकलं असं होईल ना! बूट तेच, मोबाईल मात्र बदललेले. बरोबर शेवगावकडचा एक तरुण होता. आईच्या किडन्या गेलेल्या, तिला डायलिसिसला नगरला न्यावं लागायचं. एसटीने तिला प्रवास सोसत नव्हता. "वाटंत बंद पडाया नको, एवढंच," तो म्हणाला. एजंट टपावर हात फिरवून म्हणाला, "अहो, डॉक्टरची गाडी हाय. नंतर या काकांनी वापरली, तीबी देवावानी."

दाजींनी फक्त गप्प बसायचं होतं. गाडीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, ताई दारातून बघत होती, मी बाजेवर बसलो होतो. पोराने भाबडेपणाने विचारलं, "काका, खरंच डॉक्टरची का?"

दाजी पुढे झाले. काचेवरचं ते लाल चिन्ह आता गुलाबी पडलं होतं. ते त्यांनी नखाने खरवडायला सुरुवात केली. निघेना, तरी खरवडत राहिले. शेवटी सालपट निघालं आणि त्याच्याखाली काचेला गेलेला तडा दिसला.

"दूधवाल्याची हाय," दाजी म्हणाले. "मी फसलो हुतो. तू फसू नको. आईला न्यायची म्हनतो, तर बरी गाडी बघ. आन् बघाया जाशील तवा मेस्त्री ने."

एजंट तणतणत निघून गेला. तो पोरगा जाताना दाजींच्या पाया पडला. मी बाजेवरून उठलो. "दाजी, काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

"कोन? मी?" नखातला लाल कचरा काढत दाजी म्हणाले. "मी कुठं काय म्हनलो?"

मी ताईकडे वळलो. तिने सगळं ऐकलं होतं, तिचे डोळे भरलेले मला दिसत होते. "मी न्हाई बाई काही ऐकलं," म्हणाली आणि आत गेली. त्या क्षणी मला दाजींचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. मी ज्या शब्दासाठी एवढी वर्षं झुरलो, तो त्यांनी वाटेवरच्या अनोळखी पोराला देऊन टाकला आणि मला मात्र नाकारला. आणि तेवढेच ते मला आवडलेही, हेही सांगून टाकतो.

त्या पावसाळ्यात दाजी गेले. दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर त्याच गाडीतून गेलो. मी घाईने किल्ली फिरवायला गेलो तर मागून ताई म्हणाली, "थांब, जिलबी विझू दे." आम्ही सगळे गप्प बसून तो पिवळा दिवा विझायची वाट बघत राहिलो.

घाटावर माणसं खूप होती. विधी उरकल्यावर लोक ताईपुढे येऊन दोन शब्द बोलून जात होते. त्यांत तो एजंटही आला, पांढऱ्या बुटांसकट. त्याने टोपी काढली, मान हलवली आणि म्हणाला, "काय पारखी मानूस हुता! डॉक्टरांना जन्मात कुनी फसवलं न्हाई."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते घाटावर बोलण्यासारखं नव्हतं, पण मी बोलणार होतो. तेवढ्यात ताईने माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नाही."