मावशीच्या घरचं पोटात राहिलं नाही

आमच्या संघटनेचा एक नियम होता आणि तो पत्रकात मीच लिहिला होता. गावात शिरलं की पहिलं जेवण वस्तीत. सरपंचाचा चहा नंतर, शाळेतली बैठक नंतर, फोटो तर सगळ्यात शेवटी. ‘ज्यांच्या घरचं पाणी चालत नाही, त्यांची मतं मागायला येऊ नका,’ हे वाक्य मी ठळक टायपात छापून घेतलं होतं. तुळजापूरच्या आसपासच्या गावांत ते पत्रक स्वतः वाटलं. काही जणांनी माझ्यासमोर फाडलं. मला बरंच वाटलं. फाडलं म्हणजे झोंबलं, एवढं साधं माझं गणित.

तामलवाडीपासून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या बौद्ध वस्तीत एक मावशी राहते. रोजानं शेतात जाते आणि बोलायला माझ्याहून फटकळ. सगळ्या आळ्यांच्या घागरी भरल्यावर वस्तीच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, त्यावरून आम्ही गावात लढा उभा केला होता. मावशी बोलली की वस्तीतल्या बाया येणार, ती गप्प राहिली की कुणी येणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आणि मावशीचा माझ्यावर जीव बसला तो माझ्या भाषणामुळं नाही, माझ्या जेवणामुळं. मी जमीनजुमल्याच्या घरातली. आमच्याकडची माणसं वस्तीत आली तर दारात उभी राहून बोलतात. मी चुलीपुढं मांडी घालून दोन भाकरी, वर भात आणि शेवटी वाटी बोटानं पुसून घ्यायची.

“बाकीचे कार्यकर्ते चिमणीवानी टोचत्यात,” मावशी शेजारणीला सांगायची, “ही खाती बघ, भीड न्हाय का काय न्हाय.”

त्या जेवणानं माझं वजनही वाढत होतं, हे तिथं कुणाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. गुडघे धरले, रक्तातली साखर चढली, पाळी महिने महिने यायची नाही. शेवटी सोलापूरला पोटावर शस्त्रक्रिया करून घेतली. जठराच्या वरच्या तोंडाशी एक पट्टी बसवतात. वरचा कप्पा एवढुसा राहतो, तो चार घासांत भरतो आणि माणूस थांबतो. थांबायला पाहिजे, असं म्हणू.

मी ही गोष्ट लपवली. कारण सांगते, ते शोभणारं नाही. ‘मुलगी बघायला येता की बाजारात तोलायला?’ हेही माझंच पत्रक होतं. आता मीच वजन उतरवायला गेले म्हटल्यावर लोक काय म्हणणार होते? बघा, लग्नासाठी वळली. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. संघटनेत, गावात, सगळीकडं सांगितलं की पित्ताचे खडे काढले. ही पट्टी आईला आणि भावाला माहीत होती, बस्स.

बरं होणं म्हणजे काय ते आईच्या स्वयंपाकघरात शिकले. सुरुवातीला नुसतं पातळ. मुगाच्या वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, शहाळं. तेही घटाघटा नाही, दिवसभर घोट घोट. आई पेल्याकडं बघायची आणि माझ्याकडं बघायची.

“एवढ्यावर माणूस जगतं व्हय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, आई.”

“डॉक्टरनं खीर न्हाय म्हणून सांगितलं का? ती पण पातळच असती.”

सांगितलं होतं. गोड पातळ पदार्थ पट्टीला चकवून सरळ खाली उतरतो, पोट भरत नाही आणि वजन जिथल्या तिथं. आईला ते पटलं नाही, पण खीर आली नाही. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, मऊ दही, कुस्करलेलं अंडं. आई म्हणाली, “लहानपणी तुला असंच भरवलं होतं, पर तवा तू वाद घालत न्हवतीस.”

नियम थोडेच होते, पण प्रत्येक नियम आमच्या ताटाच्या विरुद्ध. छोटा चमचा. घास तोंडातच पीठ होईपर्यंत चावायचा. आधी डाळ, अंडं, दही, मग जागा उरली तर बाकीचं. कोरडी भाकरी आणि मटणाचे धागे सगळ्यात अवघड. जेवताना पाणी नाही, नंतरही बराच वेळ नाही. आणि पोटानं पहिली खूण दिली की हात धुवायचा. माझी खूण उचकी. एक उचकी आली की संपलं. आई दर वेळी विचारायची, “कोण आठवण काढतंय?” मी सांगायची, “पट्टी.”

दोनेक महिन्यांत गुडघे हलके झाले. चप्पल घालायला वाकता यायला लागलं. मला परत गावांत जायची घाई झाली आणि गेले.

मोठ्या घरांत नाही म्हणणं सोपं गेलं. खरं सांगायचं तर मजाच आली. सरपंचाच्या बायकोनं शिऱ्याची बशी पुढं केली आणि मी ती परत सारली, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तत्त्वाचं तेज असणार. पण मावशीच्या घरी गेले, तिनं तवा ठेवला आणि मला कारण शोधावं लागलं.

“मावशी, आज राहू दे. मंगळवार हाय.”

मावशीनं पीठ मळता मळता मान वर केली. “तू कधीपास्नं मंगळवार धरायलीस? देवधर्माच्या नावानं बोंब मारत फिरतीस की. मागं मंगळवारीच कोंबडी वरपली व्हतीस माझ्या घरात.”

“आईनं सांगितलंय.”

“मंग आईचं ऐक बया,” ती म्हणाली आणि हसली. त्या दिवशी निभावलं.

पुढच्या खेपेला मंगळवार नव्हता. मी म्हणाले, जेवून आले.

“कुणाकडं?”

गावात हॉटेल नाही. तुळजापुराहून आले तर जेवायच्या वेळेआधीच पोचते, हे तिला माहीत होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “वरच्या आळीत. आग्रह केला त्यांनी.”

माझ्या तोंडातून हे गेलं. पहिलं जेवण वस्तीत, असं छापणाऱ्या तोंडातून. मावशीनं मळणं थांबवलं. काटवटीतलं पीठ हातानं गोळा केलं, झाकण ठेवलं आणि म्हणाली, “बरं झालं ताई. पाणी तरी घ्या. का तेबी पिऊन आलाव?”

ताई. घ्या. आलाव. एवढे दिवस ती मला पोरी म्हणत होती.

एसटीनं परतताना मी स्वतःला सांगत होते की तिचा गैरसमज झाला. केवढा सोयीचा शब्द. समज तिचा बरोबर होता, तिला खोटं मी सांगितलं होतं. तिच्या आजोबांपासून लोक हीच कारणं देत आलेत. उपवास आहे, जेवून आलो, पोट ठीक नाही. कुणीही तोंडावर ‘तुमच्या घरचं चालत नाही’ म्हणत नाही. मी त्याच यादीतली दोन कारणं उचलली होती. तरीही खरं सांगायचं सोडून मी ठरवलं काय, तर पुढच्या वेळी तिच्या घरी भरपेट जेवून दाखवायचं. म्हणजे पुन्हा सभेसारखंच. दाखवायचं.

पुन्हा गेले त्या दिवशी मावशीनं कोंबडी केली होती. मी न सांगताच चुलीपुढं बसले. मावशीची सून भाकरी थापत होती. ती माझ्याशी कधी फार बोलायची नाही, लग्न होऊन आल्यापासून माझ्यासारखे बरेच बघितलेत असा तिचा चेहरा. तिनं ताट वाढलं. मी पहिल्यासारखा मोठा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, दोनदा चावला आणि गिळला. दुसरा. कोंबडीचा घास. मावशी बघत होती. तिचा चेहरा सैल व्हायला लागला होता, आणि तो तसा व्हावा म्हणून मी अजून एक मोठा घास घेतला.

तो उतरला नाही. छातीच्या मधोमध दगड बसला. तोंडात चिकट लाळ दाटायला लागली, डोळ्यांतून पाणी. अशा वेळी उठून उभं राहायचं, हळूहळू चालायचं, वर काहीही घ्यायचं नाही. मला पाठ होतं.

“ठसका लागला. पाणी पी, पाणी पी!” मावशीनं तांब्या माझ्या तोंडाला लावला. एका हातानं माझ्या टाळूवर थापट्या. आपल्याकडं घास अडकला की सगळ्या घरात हेच करतात, माझ्या आईनंही केलं असतं. नको म्हणायला हवं होतं. पण त्या घरात ‘पाणी नको’ कसं म्हणायचं? मी प्याले. चांगला अर्धा तांब्या.

पाण्याला खाली वाट नव्हती. मी धावत मागच्या बाजूला गेले आणि भिंतीशी सगळं ओकले. वर बघितलं तर सून दारात उभी. हाताला पीठ तसंच.

ती आत वळून सासूला म्हणाली, “बघा. आपल्या घरचं पोटातबी राहत न्हाय ह्यांच्या.”

मी तोंड पुसत काहीतरी पुटपुटले, बरं नाही, पित्त आहे. मावशी माझ्याकडं बघत नव्हती. माझं उष्टं ताट उचलत होती. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी साधं पाणीही आत टिकेना. भावानं सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या, पट्टीला नळीनं जोडलेल्या बटणातून सुईनं थोडं द्रव काढून पट्टी सैल केली आणि पुन्हा पातळ खाण्यावर आणलं. “पट्टी सरकली असती तर परत टेबलावर घ्यावं लागलं असतं. एवढी घाई कुणासाठी केली?” त्यांनी विचारलं.

मी घरी वरणाचं पाणी पीत पडले असताना आमच्यातला एक कार्यकर्ता आला. नळासाठी ग्रामसभा जवळ आली होती. “वस्तीतून कुणी येणार नाही म्हणतात,” तो म्हणाला. “मावशी म्हणल्या, तुमचं तुम्ही बघा. काय झालं गं?”

“माझ्यामुळं झालं,” मी म्हणाले, पण काय ते सांगितलं नाही. आधी मावशीला सांगायला हवं होतं.

उठून बसता आलं तशी एकटी गेले. मावशी दारात ज्वारी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी, सोलापूर, मंगळवार खोटा, वरची आळी खोटी, पित्ताचे खडे खोटे. सदऱ्यावरूनच तिचा हात धरून कातडीखालचं ते टणक बटण तिच्या बोटांना लावलं. तिनं हात मागं घेतला नाही, पण सूप खाली आपटलं.

“मला सांगाय काय झालं व्हतं?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

“लोक म्हणतील बारीक व्हायला केलं. लग्नासाठी.”

“आन् म्हणून माझ्या चुलीला लाज आणलीस व्हय?” तिचा आवाज वाढला तशा समोरच्या दोन बाया बाहेर आल्या. “तुझ्या जातीतली माणसं हात लावत न्हाईत, ते आमाला ठावं हाय. त्यांच्यासंगं कसं वागायचं तेबी ठावं हाय. तू खाऊन खाऊन मधीच थांबलीस. आमी काय समजायचं? साऱ्या वस्तीला म्या सांगून बसले, हीबी तसलीच. आता कुणाकुणाच्या दारात जाऊन खरं काय ते सांगत फिरू?”

“मी फिरते,” मी म्हणाले.

“फिर की मंग. चल.”

मी गावोगाव दारं वाजवलीत, पण हातात पत्रक नसताना कधी नाही. प्रत्येक दारात तेच सांगायचं: माझ्या पोटाला पट्टी आहे, मी तुमच्याशी खोटं बोलले. मावशी मागं कमरेवर हात ठेवून उभी. एक म्हातारी म्हणाली, “पोटाला पट्टी? मला बी घाल, रेशन पुरंल.” बाया हसल्या. दुसरीनं विचारलं, “मंग भाषण करायची पट्टी कवा बांधनार?” मी हसण्याचा प्रयत्न केला. एकीनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. तिला तो अधिकार होता. मी तिच्या दाराला पत्रक चिकटवलं असतं तर तिनं निदान फाडलं तरी असतं.

परत मावशीच्या घरी आलो. “आता काय चालतंय तुला?” तिनं विचारलं, अजून रागातच.

“वरण. पातळ. डाळ घोटून.”

तिनं मूग शिजवले, रवीनं घोटले, तिखट टाकलं नाही. एका वाटीत वाढलं आणि पुढ्यात तांब्या ठेवला, मग आठवून तांब्या उचलून लांब नेला. मी छोटा चमचा घेऊन बसले. एक चमचा. थांबायचं. पुन्हा एक. मावशीचा जीव वर-खाली. “आगं असं खाल्ल्यावर दिवस मावळंल की!” तरी ती उठली नाही. मी एवढ्या वर्षांत त्या घरात इतका वेळ कधी बसले नव्हते, नेहमी जेवून पळायची, पुढचं गाव असायचं.

सून मघापासून आत होती. मी दारोदार सांगत फिरत होते तेव्हाही ती बाहेर आली नव्हती. वाटी संपता संपता उचकी आली, मी चमचा ठेवला. तेव्हा ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

“पट्टी हाय म्हणून सांगाय काय लागतंय,” ती म्हणाली. “पोटातलं कुणाला दिसतंय.”

मावशी तिच्यावर डाफरली. मी म्हणाले, नको, बरोबर बोलतीये.

“राहतंय का आत?” तिनं मला विचारलं.

“राहतंय वाटतं.”

“वाटतं न्हाय. थांबा. बघू.”

माझी शेवटची एसटी फाट्यावरून जायची वेळ झाली होती. मावशीनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. सून गुडघ्यावर हनुवटी टेकवून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी भिंतीला टेकले, हात पोटावर ठेवला आणि उठले नाही.