आठ कुठं गेला

गंगाखेडला आमच्या शेजारी राहणाऱ्या मुसलमान मावशी, आमच्या खाला, मला गणित शिकवायच्या. एकदा त्यांनी पाटीवर १२३४५६७९ हा आकडा लिहिला आणि मला नवानं गुणायला लावलं. उत्तर आलं १११११११११. मी हरखून गेले.

"पन इसमें आठ कां गया?" खालांनी विचारलं. "मेरे कू बी नै मालूम. तू ढूंड के बता."

अठ्ठेचाळीस साली निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली आणि गावातलं हिंदू-मुसलमानांमधलं वातावरण बिघडलं, तसं आमचं त्यांच्याकडं जाणं-येणं थांबलं. एका दुपारी मला सुचलं, की उलटं करून बघावं. मी त्या उत्तराला नवानं भागत गेले. दर वेळी बाकी एकानं वाढत होती. भाग सातचा लागला तेव्हा बाकी आठ उरली, पुढचा एक खाली घेतल्यावर एक्याऐंशी झाले आणि भाग थेट नऊचा लागला. आठाला जागाच नव्हती!

पाटी घेऊन मी धावत गेले. दाराला कुलूप होतं.

"सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेल्या," आई म्हणाली. "भेटायला आल्या होत्या. तू झोपली होतीस. उठवू नका, लय रडंल, म्हनाल्या."

पुढं पुष्कळ चौकशी केली, पण त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. त्या सकाळी आईनं मला उठवायला हवं होतं.