ड्रम हुंगणारा माणूस

कोंबडी शिजवायची भट्टी करायला भंगारवाल्याकडून मी मोठ्या ऐटीत एक निळा, चकचकीत ड्रम आणलेला. आमच्या कारखान्यातल्या वेल्डरने त्यात डोकं घातलं, दोनदा हुंगलं आणि बाहेर येऊन माझ्याकडे दयेने पाहिलं.

"सायेब, केमिकलचा हाय. कोंबरी तं मेलेलीच हाय, पन तुमचा नंबर लागंल."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मानपाड्याजवळच्या गावातला हा आगरी गडी हाती येईल ते आधी नाकाला लावायचा. पत्रा, लाकूड, एकदा तर माझा जेवणाचा डबा. "वयनीनी आज खोबरं जास्त भाजलं," म्हणाला. खरं होतं.

धुरावर शिजवलेल्या कोंबडीचं वेड माझ्या डोक्यात भरवलं ते कारखान्यात आलेल्या एका जर्मन इंजिनियरने. तसली भट्टी दुकानात मिळायचे ते दिवस नव्हते. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मग या वेल्डरनेच गोडेतेलाचा ड्रम शोधला, आतून जाळून घासला, खाली दार कापलं, वर हुक लावले. "आतून लाल रंग देऊया का?" मी विचारलं. तो नुसता हसला.

रविवारी आमच्या तळमजल्याच्या मागे ड्रम पेटला. मी उत्साहाने ओलं लाकूड घातलं आणि सगळं काळं करून ठेवलं. त्याने ते उपसून आंब्याचे सुके तुकडे लावले. मी सारखं झाकण उघडून बघायचो.

"घाई नको, सायेब. ती काय पलून जाते?"

चार तास तो तिथे उकिडवा बसून होता. मग वास वर गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. बिल्डिंग बहुतेक शाकाहारी. आम्ही खायचो, पण खिडक्या लावून.

"कोण शिजवतंय हे?"

"हा आमच्या कारखान्यातला," मी म्हणालो. "जागा मागितली, नाही म्हणवेना. आमचा काही संबंध नाही."

तो ड्रमच्या पलीकडेच होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सेक्रेटरींना म्हणाला, "चूक झाली. उचलतो."

विस्तव विझवला, मागच्या दाराने कोंबडी माझ्या बायकोच्या हातात दिली, ड्रम ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधला आणि गेला.

सोमवारी माफी मागायला म्हणून गेलो आणि गेटच्या वेल्डिंगचं विचारून आलो. "होईल, सर," तो म्हणाला. सायेब नाही, सर. पुढे कारखाना बंद पडला. तो कुठे गेला, मला ठाऊक नाही.

त्या रविवारी खिडक्या लावून आम्ही जेवायला बसलो. "जमलीय हं," मी म्हटलं.

बायकोने घास घेतला नव्हता. "तिसरं ताट वेल्डरभाऊंसाठी घेतलेलं," ती म्हणाली. "ते आता फळीवर तुम्हीच ठेवा."