लांब बाह्या

नववीत असताना मी बोलताना अडखळायची. ‘प’ आणि ‘क’ या अक्षरांवर जीभ रुतून बसे. वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली की मागच्या बाकांवरून माझी नक्कल सुरू व्हायची. घरी आल्यावर मी दार लोटून घ्यायची आणि स्वतःच्याच हाताला इजा करायची. घटकाभर डोकं शांत होई. मग इतकी लाज वाटे की जेवणाच्या ताटावरही मान वर होत नसे. आमच्या मोहाडी गावच्या उन्हाळ्यातसुद्धा मी मनगटापर्यंत बाह्या घालायची.

मोठ्या भावाचं लग्न ठरलं. बांगड्या भरायला कासारीण घरी आली. माझी पाळी आली तेव्हा तिनं सवयीनं माझी बाही वर सारली, क्षणभर थांबली आणि पुन्हा खाली ओढली. पण शेजारच्या बायकांनी पाहिलं होतं. माय लगेच म्हणाली, पोळ्या करताना भाजली. मग मायनं मला आत नेऊन विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तिनं दार लोटून घेतलं.

“काहून केलं वं असं?”

मी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. लग्नघर आहे, कुणापाशी बोलू नको, एवढंच ती म्हणाली. पुढे तिनं कुणाकडून तरी अंगारा आणला आणि माझ्या दंडाला काळा दोरा बांधला. आता दोराही लपवावा लागे.

वहिनी लाखांदूरकडची. पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी बोडीवर, गावच्या लहानशा तळ्यावर, कपडे धुवायला गेलो. माझ्या बाह्या भिजून अंगाला चिकटल्या आणि तिला दिसलं. तिनं हातातला कपडा पिळून बाजूला ठेवला.

“बाई, असं करायच्या आधी तुले काय होते?”

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले. शब्द अडत होते. पण ती माझा एकही शब्द स्वतः पुरा करत नव्हती, थांबून राहत होती. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “आता तसं वाटलं का माह्याजवळ येऊन बस. बोललीच पायजे असं नाही.”

मी जाऊन बसू लागले. ती तांदूळ निवडत असे, मी खडे वेचत असे. तरी पोळा झाल्यावर एकदा मी पुन्हा तेच केलं. आता तर तिचाही विश्वास मोडला, असं वाटून मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहीना. तिनं ओळखलंच. जखम धुऊन तिनं स्वच्छ फडकं बांधलं.

“मले राग नाही आला. भेव वाटला. मायले सांगतो, अन् डॉक्टरकडे जाऊ.”

मी तिचे पाय धरले. तरी तिनं सांगितलं. कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

आम्ही तिघी एसटीनं भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मायला समजावलं, की हे बाहेरचं नाही आणि नाटकही नाही. पोरगी त्रासात आहे, तिला रागावू नका, एकटी सोडू नका, आणि तिला घेऊन येत राहा. माय ऐकताना पदराचं टोक पिळत होती. परतीच्या गाडीत तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. लोक बघतील म्हणून मी तो ओढून घेऊ लागले, तर तिनं घट्ट धरला.

वहिनी डोक्यावर पदर घेऊन शाळेत गुरुजींना भेटली. नवी सून शाळेत गेली म्हणून घरात कुरबूर झाली. पण गुरुजींनी नक्कल करणाऱ्यांना दटावलं आणि मला वाचायला हवा तेवढा वेळ देऊ लागले. हसणं पुरतं थांबलं नाही. माझं ते करणं मात्र कमी होत होत दहावीच्या वर्षी सुटलं. लाज अजून पुरती गेलेली नाही. हे सांगतानाही कान तापतात.

पुढे एकदा मी वहिनीला विचारलं, तुला हे सगळं कसं समजलं?

“मले काय समजत होतं?” ती म्हणाली. “तू बोलून राहिली होती, म्हणून मी आयकत बसली.”