उंच टपाची मोटार

करुणा साबळे बारामतीत गाड्यांना रंग द्यायची. हे काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली होती. १९९४ साली सणसरच्या रणजितने एक जुनी विलायती मोटार तिच्याकडे आणली. मोटारीची बॉडी कुणीतरी खास बांधून घेतलेली होती, पण टप वीतभर जास्तच उंच होता. तो मागाहून बसवला असावा, अशी पुण्याच्या जुन्या मोटारींच्या जाणकारांना शंका होती.

करुणाने दाराच्या कोपऱ्यात रंग हलकेच घासला. पांढऱ्याखाली हिरवा निघाला आणि सगळ्यात खाली वांगी रंग. टपावरही तेच थर होते. म्हणजे टप पहिल्यापासूनचाच असावा. मग असा उंच टप करून घेणारा पहिला मालक कोण?

रणजितच्या आजोबांनी ती भिगवणच्या एका मासळी व्यापाऱ्याकडून घेतली होती. करुणा तिथे गेली. व्यापाऱ्याने मोटार ज्या घरातून घेतली होती, ते कळसच्या कौसल्याबाईंचं घर त्याच्या मुलाने तिला सांगितलं.

“आजी, तुमच्या मोटारीचा रंग कोणता होता?”

“वांग्यागत. मामंजींनी मुंबैत बांधून घेतली व्हती. फेटा उतरवून बसायला ते तयार न्हवते, म्हणून टप उंच करायला लावला.”

करुणाने आनंदाने म्हातारीचे हात धरले.

जाणकारांनाही ते पटलं. मोटार पुन्हा वांगी रंगाची करायचं काम रणजितने करुणालाच दिलं. रंग वाळल्यावर दोघं मोटार घेऊन सगळ्यात आधी कळसला गेली. रणजितने मागचं दार उघडलं, पण कौसल्याबाई पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“तवा मला मागं पडद्यात बसवायचे,” त्या म्हणाल्या. “आता रस्ता बघू दे.”