बाकीचं म्हणजे कोण?

सालेहा मनियार हिची व माझी ओळख झेरॉक्समुळे झाली. आमच्या पुनर्वसित गावात प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग चालत असे. मी, नीलम्मा, नातवंडे झाल्यावर त्या वर्गात अक्षर शिकले. वाचनपाठाच्या प्रती काढण्यासाठी वर्गाच्या बाई मला लातूरला, शिकवणी वर्गांच्या गल्लीतील तिच्या दुकानी घेऊन गेल्या. सालेहाने पाठ पाहिला आणि म्हणाली, "हे अक्षर तर मुंगीवानी हाय. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसंल कसं?" कोणी न सांगता तिने अक्षर मोठे करून दिले.

माझे गाव कळताच तिने हातातले काम थांबविले. तिची आजी आमच्या जुन्या गावात बांगड्या भरण्यास येत असे. भूकंप झाला त्या पहाटे ती गावातच मुक्कामास होती आणि तिथेच गेली. माझी थोरली बहीण नागम्मा हिने जुन्या गल्लीवर ओव्या रचल्या होत्या. त्यांत एकेक घर क्रमाने येते आणि शेवटी त्या मनियारीण आजीचे नाव येते. हे ऐकून सालेहा बसने गावी आली. तिने नागम्माचे गाणे कॅमेऱ्यात घेतले. पुढे ती वरचेवर येऊ लागली व गावातील इतर बायांच्याही ओव्या घेऊन दुकानातील कॉम्प्युटरवर साठवू लागली. त्यांतील बऱ्याच बाया आता हयात नाहीत. नागम्माही नाही.

एकदा मी प्रतींसाठी गेले, तेव्हा दुकानात भांडण चालू होते. कॉम्प्युटरची जुनी डिस्क भरली होती व कुरकुरू लागली होती. म्हणून सालेहाने मोठी डिस्क आणून जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरविली. त्यानंतर जुनी कायमची बंद पडली. नवी चालू झाली, परंतु जागा जुनीएवढीच दाखवू लागली. तीही काठोकाठ भरलेली.

डिस्क विकणारा दयानंद म्हणाला, "ताई, सोपं आहे. सगळं पुसून फॉर्मॅट मारू. जागा पूर्ण मिळेल."

"मार," तिचा थोरला भाऊ मुज्तबा म्हणाला. "शिकवणीच्या नोट्स सरांकडं हायतच. ॲडमिशनचा सीझन तोंडावर आलाय."

"भाईजान, हात लावू नका."

"म्हाताऱ्यांची गाणी सांभाळून दुकान चालतं व्हय? दादीचं नाव येतं तेवढं पेनड्राइव्हवर घे, बाकीचं सोड."

"बाकीचं म्हणजे कोण?" सालेहा कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसली. "नाव घेऊन सांगा. कुणाची आई सोडू?"



तिने पडद्यावर एक आडवी पट्टी काढून मला दाखविली. "मावशी, नक्कल करताना जुनीच्या हद्दी बी जशाच्या तशा उतरल्या. ही पलीकडची काळी जागा आपलीच हाय. नुसती पडून हाय."

मी तिला म्हणाले की हे मला समजते. भूकंपानंतर आम्हाला सिमेंटची मोठी घरे मिळाली, परंतु छताच्या भीतीने आम्ही अंगणात जुन्या खोलीच्या मापाची पत्र्याची शेड घातली. कित्येक वर्षे आम्ही शेडमध्ये निजलो आणि सिमेंटच्या घरात कडबा ठेवला.

सालेहा हसली. "मग ही डिस्क तुमच्याच गावची म्हणायची!"

परंतु हद्द सरकेना. भरलेला भाग व मोकळी जागा यांच्या मध्ये एक लहानसा भाग आडवा पडला होता. तो उचलून अगदी टोकाला नेणे आवश्यक होते. दयानंदाने इशारा दिला, "मधेच लाइट गेली तर पुसायलाही काही उरणार नाही. मग मला बोलू नका."

"तुम्हाला कोण बोलतंय? जिम्मेदारी माझी."

ते भारनियमनाचे दिवस होते. सालेहाने शेजारच्या शिंप्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून आणली आणि काम सुरू केले. अर्ध्यात वीज गेलीच. पंखा थांबला, गल्लीतील शिकवणीचा ध्वनिवर्धक बंद पडला. पडद्यावरील निळी रेघ मात्र पुढे सरकत राहिली. मुज्तबा शिव्या देत होता, पण वायर सुटू नये म्हणून ती त्यानेच धरून ठेवली होती.

आडवा भाग टोकाला गेला. मग तिने हद्द पलीकडे ओढली व काळी पट्टी नाहीशी झाली. जागा पूर्ण दिसू लागली. सालेहाने प्रथम नागम्मा लावून पाहिली. माझ्या बहिणीने खाकरून गल्लीतील पहिल्या घराचे नाव घेतले. मी पदर तोंडाला लावला.

"झालं ना?" मुज्तबा कपाळ पुसत म्हणाला. "आता टाक सरांच्या नोट्स."

सालेहा त्याच्याकडे वळली नाही. ती मला म्हणाली, "मावशी, जागा रिकामी दिसली की हा नोट्स भरंल. तुम्ही उद्याच राहिलेल्या बायांना घेऊन या. आन् तुम्ही बी गा."